केटल: भांडं, तळं, नगारा आणि पोलिसांचा वेढा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

एकाला केटलच्या तळाचा पांढरा थर काढायचा असतो, दुसऱ्याला भूगोलाच्या पेपरात ‘केटल लेक’ आलेलं असतं, तिसऱ्याने परदेशातल्या मोर्चाच्या बातमीत ‘केटलिंग’ वाचलेलं असतं. तिघांचे प्रश्न एकाच शब्दावर येतात, म्हणून उत्तरंही एकाच जागी ठेवली आहेत. आधी भांड्याबद्दल आहे, मग बाकीचे अर्थ. घाईत असाल तर निदान प्रश्न २ वाचा, पुढची बरीच कोडी तिथेच सुटतात.

१. केटल आणि किटली एकच ना?

शब्द एकच, वस्तू मात्र नेहमी एक नसते. ‘केटल’चंच मराठीत ‘किटली’ झालं. पण मराठीत दुधाचीही किटली असते आणि तुपाचीही: झाकण आणि वर कडी असलेला उभा डबा, ज्याला चोच असेलच असं नाही आणि जो चुलीवर कधी चढत नाही. इंग्रजीत त्याला कोणी केटल म्हणणार नाही. आता तर बोलताना वाटणीच झाली आहे. विजेवर चालते ती ‘केटल’, गॅसवर ठेवायची किंवा हातात धरून चहा ओतायची ती ‘किटली’. खाली हीच वाटणी पाळली आहे.

२. हा शब्द मुळात आला कुठून? भांड्याचा आणि तळ्याचा संबंध काय?

लॅटिनमध्ये ‘कॅटिनस’ म्हणजे खोलगट भांडं आणि ‘कॅटिलस’ म्हणजे त्याचं लहान रूप. तिथून तो जर्मानिक भाषांत गेला. जर्मनमध्ये ‘केसेल’ झाला आणि जुन्या इंग्रजीतून आजचा ‘केटल’.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तीच पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे. शेकडो वर्षं केटल म्हणजे चोचीचं भांडं नव्हतंच. ती उघड्या तोंडाची, गोल बुडाची, आगीवर टांगायची मोठी हंडी होती. चोच, झाकण आणि चहा ही सगळी नंतरची भर. शब्दाचे फाटे फुटले ते बहुतेक त्या जुन्या हंडीतून: तिचा गोल खोलगटपणा नगाऱ्याला आणि तळ्याला मिळाला, उकळी पक्ष्यांना, आणि चहूबाजूंनी बंद असणं पोलिसांना. आजची चोचवाली किटली डोळ्यांसमोर ठेवून हे अर्थ लावायला गेलात तर एकही नीट लागणार नाही.

३. केटल आणि टीपॉट यांत फरक काय?

केटलमध्ये पाणी तापतं, टीपॉटमध्ये म्हणजे चहादाणीत चहा मुरतो. चिनीमातीची चहादाणी आचेवर ठेवली तर तडकते. जपानी ओतीव लोखंडाच्या भांड्यांबाबत घोटाळा हमखास होतो, कारण दोन्ही दिसायला सारखीच. आतून इनॅमलचा चकचकीत थर असेल तर ती चहादाणी, आचेवर ठेवू नका. आत नुसतं लोखंड असेल तर ती पाणी तापवायची.

४. पाणी उकळलं हे इलेक्ट्रिक केटलला कसं कळतं? आत तापमापक असतो का?

साध्या केटलमध्ये नसतो. ती पाण्याचं तापमान मोजतच नाही, वाफेची वाट पाहते. पाणी खळखळून उकळलं की वाफ झाकणाजवळच्या फटीतून एका अरुंद मार्गाने बटणापाशी पोचते. तिथे दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पातळ चकती असते. तापल्यावर दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे चकती एका क्षणी ‘टक्’ करून उलट बाजूला वाकते आणि बटण पडतं. वाफेवर आपोआप बंद होणारी केटल ब्रिटनमधल्या रसेल हॉब्स कंपनीने १९५० च्या दशकात बाजारात आणली. आतली रचना आजही साधारण तीच आहे.

यातून तीन तक्रारींची उत्तरं मिळतात. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरच्यावर निघून जाते, चकतीपर्यंत पोचत नाही आणि केटल बंद होत नाही. बंद झाल्यावर लगेच पुन्हा बटण दाबलं तर ते टिकत नाही, कारण चकती अजून गरम असते. आणि रिकामी केटल चालू केली तर वाफच नाही, म्हणून तळाशी दुसरी चकती असते. ती थेट तळाची उष्णता बघून वीज तोडते. मात्र ती संकटकाळासाठी आहे, रोज तिच्या भरवशावर राहू नये.

झाकणाचा प्रश्न विजेच्या बिलाचाही आहे. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंश सेल्सिअसवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात, म्हणजे एक युनिटचा अकरावा-बारावा भाग. १५०० वॉटची केटल हे साडेतीन-चार मिनिटांत करते. पण उकळल्यावर त्यातलं फक्त १०० मिलिलिटर पाणी वाफ होऊन उडवायला सुमारे २२६ किलोज्यूल जातात. पाणी तापवणं त्या मानाने स्वस्त, ते उकळत ठेवणं महाग. दोन कपांसाठी केटल काठोकाठ भरणं हीसुद्धा निव्वळ उधळपट्टी.

५. डोंगरावर, उंच ठिकाणी केटल बंद होईल का? तिथे पाणी १०० अंशांवर उकळत नाही ना?

होईल. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं. पण प्रश्न ४ मध्ये पाहिलं तसं केटल वाफेवर बंद होते, त्यामुळे अडत नाही. अडचण ‘८०, ९०, १००’ अशी तापमानाची बटणं असलेल्या केटलमध्ये येऊ शकते: १०० चा आकडा तिथे कधीच गाठला जाणार नाही. अशा ठिकाणी ९० किंवा त्याहून खालचा आकडा लावावा.

६. उकळण्याच्या आधीच एवढा आवाज का येतो, आणि खरी उकळी आल्यावर तो कमी का होतो?

तळाला चिकटलेलं पाणी आधी तापतं आणि तिथे वाफेचे बुडबुडे तयार होतात. ते सुटून जरा वर गेले की त्यांना तुलनेने थंड पाणी लागतं, आतली वाफ एकदम निवते आणि बुडबुडा मिटतो. असे असंख्य बुडबुडे एका सेकंदात मिटत असतात, आपण ऐकतो ती त्यांची घरघर. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत पोचून फुटतात आणि आवाज मऊ होतो. त्यामुळे सवयीच्या कानाला न बघताही उकळी कळते.

७. मग शिट्टीच्या किटलीत शिट्टी कशी वाजते?

चोचीवरच्या टोपणात दोन पातळ पत्रे थोड्या अंतरावर बसवलेले असतात, दोन्हींना समोरासमोर भोक. वाफेचा झोत पहिल्या भोकातून आत येतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. एवढ्याशा रचनेचं नीट स्पष्टीकरण मिळायला २०१३ साल उजाडलं. त्याआधी एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॅलीने या प्रकारच्या शिट्टीवर विचार केला होता. केंब्रिज विद्यापीठातल्या दोन संशोधकांना आढळलं की सुरुवातीला, वाफेचा जोर कमी असताना, टोपण रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखं वाजतं आणि सूर जवळजवळ एकाच जागी राहतो. जोर एका मर्यादेपलीकडे गेला की दुसऱ्या भोकाशी झोताचे लहान भोवरे होऊ लागतात. मग सूर जोराबरोबर चढत जातो.

८. केटलच्या तळाला पांढरा थर बसतो. तो पोटात गेला तर अपाय होतो का? काढायचा कसा?

तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं विघटन होतं आणि न विरघळणारं कार्बोनेट तळाला बसतं. पोटात गेल्याने अपाय नाही, पण थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत उशिरा पोचते आणि केटल रेंगाळते.

खरवडू नका. लिंबाचं सत्त्व दोन चमचे किंवा व्हिनेगर पाण्यात घालून एकदा तापवा, अर्धा तास तसंच ठेवा, ओता आणि दोन-तीनदा साध्या पाण्याने विसळा. बुडबुडे दिसतील ते कार्बन डायऑक्साइडचे. आम्ल थर विरघळवत असल्याची ती खूण. व्हिनेगरचा वास मागे रेंगाळतो, म्हणून लिंबाचं सत्त्व बरं. डाग तांबूस असतील तर ते बहुधा पाण्यातल्या लोहाचे.

थंड देशांत घरं तापवण्याच्या बॉयलरमध्येही हाच थर बसतो आणि तिथे पाणी अडून जागच्या जागी उकळल्याने प्रश्न ६ मधल्यासारखी घरघर येते. तिथले कारागीर तिलाही ‘केटलिंग’च म्हणतात. पोलिसांच्या केटलिंगशी तिचा संबंध नाही, ते प्रश्न १६ मध्ये.

९. एकदा उकळलेलं पाणी पुन्हा उकळू नये म्हणतात, ते खरं का?

पिण्याजोग्या पाण्याबाबत काळजीचं कारण नाही. थोडं पाणी वाफ होऊन जातं, त्यामुळे उरलेल्यात क्षारांचं प्रमाण किंचित वाढतं, इतकंच. शिवाय हे उलट बाजूनेही लागू आहे: उकळल्याने जंतू मरतात, पण शिसं, आर्सेनिक किंवा नायट्रेट जात नाहीत.

१०. केटलमध्ये दूध, सूप, नूडल्स करता येतील का?

पाण्यासाठी बनवलेल्या केटलमध्ये नको. दूध तळाला करपतं, फेस वाफेच्या मार्गात शिरतो आणि बटण वेळेवर पडत नाही. रुंद तोंडाच्या, ‘मल्टी-केटल’ नावाने विकल्या जाणाऱ्या भांड्यांची गोष्ट निराळी. ती नावाची केटल, कामाचं पातेलं. खरं तर प्रश्न २ मधल्या जुन्या हंडीच्या तीच जास्त जवळची आहे.

११. ‘केटल-कुक्ड’ वेफर्स म्हणजे केटलमध्ये तळलेले?

हंडीत तळलेले. मोठ्या कारखान्यात वेफर्स तेलातून अखंड रांगेने सरकत जातात, इथे मात्र एकेक घाणा काढतात. कच्चे काप पडले की तेलाचं तापमान उतरतं, तळायला वेळ लागतो आणि वेफर कडक, कुरकुरीत होतो. बिअर बनवताना माल्टचा अर्क आणि हॉप्स उकळायच्या टाकीलाही केटलच म्हणतात.

१२. कॉम्प्युटरच्या पॉवर केबलला काही लोक ‘केटल लीड’ का म्हणतात? ती केटलला चालेल का?

ब्रिटनमधली सवय. पूर्वी केटलची वायर काढता यायची आणि तिचं टोक कॉम्प्युटरच्या केबलसारखंच दिसायचं. पण दोन्ही एक नाहीत, आणि इथे चूक करू नये. कॉम्प्युटरची ती सी-१३, ७० अंशांपर्यंतच्या जोडणीसाठी. गरम उपकरणांची ती सी-१५, १२० अंशांपर्यंत चालते आणि तिच्या तोंडाला एक खाच असते. उपकरणाच्या बाजूला त्या खाचेत बसणारा उंचवटा असल्यामुळे सी-१३ तिथे शिरतच नाही. उलट चालतं: सी-१५ केबल कॉम्प्युटरला खुशाल लावा. शिरत नसलेली केबल उंचवटा घासून बसवणारे महाभाग असतात. तो उंचवटा त्यांच्यासाठीच आहे.

१३. जेम्स वॅटने किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेचं इंजिन शोधलं. हे खरं का?

शाळेत सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट, पण तारखाच तिच्या आड येतात. थॉमस सेव्हरीने वाफेवर चालणाऱ्या पंपाचं पेटंट १६९८ मध्ये घेतलं. थॉमस न्यूकोमेनचं इंजिन १७१२ मध्ये खाणीतलं पाणी उपसू लागलं. वॅटचा जन्म १७३६ चा. म्हणजे झाकण बघायला तो पाळण्यातही नव्हता तेव्हा इंजिन चालू होतं.

त्याचं खरं काम या गोष्टीपेक्षा पुष्कळ रंजक आहे. ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करत असताना १७६३-६४ च्या सुमारास न्यूकोमेन इंजिनाचा एक नमुना त्याच्याकडे आला. त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक फेरीत सिलिंडर तापवायचा, वाफ निववायला तोच थंड करायचा, पुन्हा तापवायचा, यातच बहुतेक वाफ वाया जाते. १७६५ मध्ये त्याला सुचलं की वाफ दुसऱ्या, वेगळ्या भांड्यात नेऊन निववावी. पेटंट १७६९ मध्ये मिळालं.

किटली मात्र कथेतून पुरती हद्दपार करता येत नाही. वाफेत किती उष्णता दडलेली असते हे तपासायला वॅटने किटलीतली वाफ थंड पाण्यात सोडून मोजमापं केली होती. म्हणजे किटली होती, पण ती प्रयोगाचं साधन म्हणून, आणि झाकणापेक्षा चोच महत्त्वाची होती.

१४. केटलड्रमला मराठीत नगारा म्हणावं का?

म्हणा. केटलड्रम म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातली टिंपनी: तांब्याचं गोल बुडाचं भांडं, वर ताणलेलं चामडं किंवा प्लास्टिक. नावामागे प्रश्न २ मधली हंडी आहेच, पण नातं त्याहून जवळचं आहे. अरबी ‘नक्कारा’ पूर्वेकडे आला तो नगारा झाला, आणि मध्ययुगात युरोपात गेला तेव्हा इंग्रजीत त्याला ‘नेकर’ म्हणू लागले.

फरक सुराचा आहे. टिंपनी ठरलेल्या स्वराला लावतात आणि पायाच्या पेडलने चामड्याचा ताण बदलून वाजवता वाजवता स्वरही बदलतात. साध्या गोल पडद्याच्या कंपनांची प्रमाणं स्वरासारखी जुळत नाहीत. टिंपनीत पडद्याबरोबर हलणाऱ्या हवेचा भार ती कंपनं खाली ओढतो आणि मुख्य तीन साधारण २:३:४ या प्रमाणात येतात, त्यामुळे कानाला स्पष्ट स्वर लागतो. त्यासाठी काठी मध्यावर न मारता काठाकडे मारावी लागते. मधोमध मारली तर नुसता ‘ढप्प’. तबल्याने हाच प्रश्न पडद्यावर शाई चढवून सोडवला. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात त्यावर लिहिलं. मला विचाराल तर शाईचा उपाय अधिक हुशारीचा: त्याला एवढं मोठं भांडं लागत नाही.

१५. भूगोलातलं ‘केटल लेक’ कसं तयार होतं? ते रांजणखळग्यांसारखंच का?

नाही, आणि परीक्षेत गुण जातात ते इथेच. हिमनदी मागे हटताना तिचे मोठे तुकडे सुटून राहतात. वितळलेल्या पाण्याबरोबर आलेली वाळू आणि खडी त्यांच्याभोवती, कधी वरही साचते. मग आतला बर्फ सावकाश वितळतो, वरचा गाळ खचतो आणि हंडीसारखा खड्डा उरतो. त्यात पाणी भरलं की केटल लेक. अशा पुष्कळ तळ्यांना ना येणारा ओढा असतो ना जाणारा, पाण्याची पातळी भूजलाबरोबर वरखाली होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं वॉल्डन पाँड, सुमारे ३१ मीटर खोल, हे प्रसिद्ध उदाहरण. विस्कॉन्सिनमध्ये ‘केटल मोरेन’ नावाचा आख्खा पट्टाच आहे. हे सगळं हिमयुगातच घडलं असं नव्हे: आइसलँडमध्ये नोव्हेंबर १९९६ च्या हिमनदीच्या महापुराने वाहून आणलेले बर्फाचे तुकडे वाळवंटात रुतले आणि ते वितळल्यावर ताजे खड्डे तयार झाले.

रांजणखळगे मात्र घासून होतात: नदीच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे कठीण खडक कोरत जातात. घोटाळ्याचं मूळ हे की युरोपात अशा मोठ्या रांजणखळग्यांना ‘राक्षसाची केटल’ म्हणतात. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवरच्या केटल फॉल्सचं नावही खडकातल्या अशाच खळग्यांवरून पडलं. तो धबधबा आता दिसत नाही, ग्रँड कूली धरणाच्या पाण्याखाली तो १९४० मध्ये गेला. लक्षात ठेवायची खूण: केटल लेक गाळात, रांजणखळगा खडकात.

१६. बातम्यांतलं ‘केटलिंग’ म्हणजे काय? ते कायदेशीर आहे का?

पोलिसांनी जमावाला चारही बाजूंनी कडं करून एका जागी तासन्‌तास अडवून ठेवणं. शब्द जर्मनमधून आला. तिथे ‘केसेल’ म्हणजे लष्करी वेढाही: नोव्हेंबर १९४२ मध्ये स्टालिनग्राडला जर्मनीचं सहावं सैन्य अडकलं, त्याला जर्मन सैनिक केसेलच म्हणत. ८ जून १९८६ रोजी हँबर्गमध्ये पोलिसांनी ८०० हून अधिक निदर्शकांना उघड्यावर घेरलं, काहींना १३ तासांपर्यंत. ती कारवाई पुढे न्यायालयाने बेकायदा ठरवली.

निकाल सगळीकडे असाच लागला नाही. लंडनमध्ये १ मे २००१ रोजी ऑक्सफर्ड सर्कसला लोक सुमारे सात तास अडकले, त्यांत निदर्शनांशी संबंध नसलेलेही होते. ते प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेलं. मार्च २०१२ मध्ये १४ विरुद्ध ३ मतांनी निकाल लागला की त्या परिस्थितीत हे स्वातंत्र्य हिरावणं ठरत नाही, कारण इजा आणि नासधूस टाळायला दुसरा सौम्य मार्ग नव्हता. ‘त्या परिस्थितीत’ हे शब्द महत्त्वाचे. निकालाने केटलिंगला सरसकट परवाना दिलेला नाही, जरी अनेकदा तसं सांगितलं जातं. नुसतं जवळून चाललेल्या माणसालाही सात तास अडकावं लागावं, हे मला तरी पटत नाही.

१७. पक्ष्यांची ‘केटल’?

गरम हवेच्या वर चढणाऱ्या झोतात घार, गरुड, गिधाडं यांसारखे शिकारी पक्षी पंख न हलवता गोल गोल वर जातात, त्या थव्याला केटल म्हणतात. दुरून हंडीतल्या उकळीसारखं दिसतं, म्हणून. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझवरून शरद ऋतूत लाखो शिकारी पक्षी असे जातात. मात्र कोणत्याही थव्याला हा शब्द लावू नका. सरळ रांगेत उडणारे पक्षी केटल नव्हेत.

१८. केटलबेल सगळ्या एकाच आकाराच्या का असतात? वजनं तर वेगळी असतात.

त्या स्पर्धेच्या. वजन बदललं तरी पकड आणि हाताला टेकण्याची जागा बदलू नये, म्हणून आठ किलोची आणि ३२ किलोची बाहेरून सारखीच करतात. साध्या ओतीव केटलबेल वजनाप्रमाणे लहानमोठ्या असतात. मूळ रशियातलं, तिथे नाव ‘गिर्‍या’, आणि माप पूड: एक पूड म्हणजे १६.३८ किलो. म्हणूनच १६, २४, ३२ हे आकडे सारखे भेटतात.

१९. ‘डिफरन्ट केटल ऑफ फिश’ आणि ‘पॉट कॉलिंग द केटल ब्लॅक’ यांत केटल कुठली?

दोन्हींत चोचवाली नव्हे. मासे शिजवायची लांबट, झाकणाची ‘फिश केटल’ आजही मिळते. पहिल्या प्रयोगाचा अर्थ ‘ती गोष्टच वेगळी’. ‘डिफरन्ट’च्या जागी ‘फाइन’ किंवा ‘प्रिटी’ आलं तर अर्थ एकदम फिरतो: चांगलाच घोळ झाला. दुसऱ्यात पातेलं आणि हंडी एकाच चुलीवर काजळलेली आहेत. आपण जिथे ‘आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून’ म्हणू, तिथे हे चालतं.

२०. वादविवादातलं ‘केटल लॉजिक’ काय असतं?

सिग्मंड फ्रॉइडने १९०० मध्ये दिलेल्या एका दाखल्यावरून हे नाव आलं. शेजाऱ्याकडून उसनी नेलेली केटल मोडून परत दिल्याचा आरोप आला, तर माणूस म्हणतो: मी ती धड परत केली, शिवाय नेली तेव्हाच तिला भोक होतं, आणि मी ती नेलीच नव्हती. एकेकटं उत्तर टिकेल, तिन्ही मिळून एकमेकांना पाडतात. न्यायालयात पर्यायी बचाव मांडता येतो तो याहून वेगळा. तिथे ‘हे मान्य नसेल तर ते’ असं उघड सांगावं लागतं. इथे तिन्ही एकाच दमात खरी म्हणून ठोकून दिलेली असतात.

२१. मोटरसायकल, घड्याळ, सॉफ्टवेअर, यांनाही केटल म्हणतात का?

तिन्हींना, वेगवेगळ्या कारणांनी. सुझुकीच्या जीटी-७५० ला, १९७१ च्या सुमाराची ही मोटरसायकल, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनामुळे ब्रिटनमध्ये ‘केटल’ हे टोपणनाव पडलं. लंडनच्या यमक जुळवून बोलायच्या भाषेत ‘केटल अँड हॉब’ म्हणजे ‘फॉब’, खिशातलं घड्याळ. पुढे कुठलंही घड्याळ केटल झालं. माहिती एका डेटाबेसमधून उचलून दुसऱ्यात भरणाऱ्या पेंटाहोच्या सॉफ्टवेअरचं केटल हे नाव आद्याक्षरांतून जुळवलेलं आहे. आणि वाफेच्या रेल्वे इंजिनांना ब्रिटनमधले शौकीन लाडाने केटल म्हणतात. इंजिनाबद्दल जास्त प्रश्न १३ मध्ये.

२२. इंटरनेटवरचा ‘४१८’ हा एरर कोड केटलचा आहे ना?

चहादाणीचा. १ एप्रिल १९९८ रोजी, तारखेवरूनच कळावं, कॉफीची भांडी इंटरनेटवरून चालवायचा एक थट्टेचा नियमसंच निघाला. त्यात असं ठरलं की चहादाणीला कॉफी करायला सांगितलं तर तिने ‘४१८, मी चहादाणी आहे’ असं कळवून नकार द्यावा. केटलसाठी असा कोड नाही. ती फक्त पाणी तापवते, त्याचा पुढे चहा करायचा की कॉफी याच्याशी तिला देणंघेणं नाही. फरक प्रश्न ३ मध्ये आहे.